वृत्तपत्रविद्येचे शिक्षण : अभ्यासक्रमाची निवड

वृत्तसंकलन, वृत्तलेखन, संपादन, छायाचित्रण, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरील वार्ताकार्य, आंतरजालावरील वृत्तनिर्मिती आणि या सर्वांशी निगडित असलेला कायदा व आचारनीती यांचे पद्धतशीर शिक्षण म्हणजे वृत्तपत्रविद्येचे शिक्षण होय. वैद्यक व विधी या व्यवसायांप्रमाणे पत्रकारितेच्या व्यवसायात प्रवेश करण्यासाठी भारतात विशिष्ट पदवीची सक्ती नाही. श्रमिक पत्रकारांच्या सेवाशर्तींविषयीच्या १९५५ च्या अधिनियमात पत्रकाराची जी व्याख्या दिलेली होती, तीतही शैक्षणिक अर्हतेची अट नव्हती. भारतीय प्रेस कौन्सिलच्या अध्यक्षांनी किमान अर्हतेचा विचार करण्यासाठी २०१३ मध्ये एक समिती नेमली होती. तथापि तशी सक्ती अस्तित्वात आली नाही. अभ्यासक्रमाची निवड करताना ही बाब प्रथम लक्षात घ्यावी लागते. ज्या व्यवसायात पदवी हा परवाना नसतो, तेथे पदवीचे मोल तिच्या निमित्ताने विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय काम केले, यावरूनच ठरते. म्हणून अशा पदवीसाठी किती खर्च करावा, हा प्रश्न विशेषतः मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांपुढे तो कोणत्या स्वरूपात उभा राहतो, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने केले आहे.

ऐतिहासिक आढावा : बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे मराठी पत्रकार हा छापखान्यातच घडत असे. मुद्रिते तपासणे, तारांचा अनुवाद करणे, संपादकाच्या हाताखाली मजकूर पुन्हापुन्हा लिहिणे हीच त्याची शाळा होती. वृत्तपत्रविद्या हा विद्यापीठीय विषय म्हणून प्रथम अमेरिकेत स्थिरावला. मिसूरी विद्यापीठाची वृत्तपत्रविद्या-शाळा १९०८ मध्ये सुरू झाली. वर्ग ज्या दिवशी भरले, त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी चालविलेल्या वृत्तपत्राचा पहिला अंकही निघाला. जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठाची शाळा १९१२ मध्ये सुरू झाली. वृत्तपत्राच्या आर्थिक व्यवहारापेक्षा पत्रकाराच्या व्यापक ज्ञानाला व नीतिमत्तेला शिक्षणात अग्रस्थान असावे, असा पुलित्झर यांचा आग्रह होता. प्रत्यक्ष काम व व्यापक ज्ञान ही दोन अंगे तेव्हापासून या शिक्षणाचा पाया मानली गेली आहेत.

भारतात ॲनी बेझंट यांच्या प्रेरणेने अड्यार येथे १९२० मध्ये या शिक्षणाचा पहिला प्रयत्न झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील १९३८ चा पदविका अभ्यासक्रम अल्पजीवी ठरला. लाहोर येथील पंजाब विद्यापीठाचा विभाग १९४१ मध्ये व मद्रास विद्यापीठाचा १९४७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये रोलंड वुल्सली या अमेरिकन प्राध्यापकांच्या साहाय्याने वृत्तपत्रविद्येचा विभाग उघडण्यात आला. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ मध्ये सुरू झाला. रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत भरणारा हा विभाग पुढे त्या वास्तूच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. केंद्र शासनाने १९६५ मध्ये नवी दिल्ली येथे भारतीय जनसंचार संस्थेची स्थापना केली. तिचे एक प्रादेशिक केंद्र अमरावती येथे असून तेथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालविला गेला आहे. मुंबई विद्यापीठाने २००० मध्ये माध्यमविषयक तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. बारावीनंतर थेट या विषयाकडे वळण्याचा मार्ग त्यामुळे रूढ झाला.

मराठवाड्यातील पार्श्वभूमी : मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे मराठी शिक्षणाची व वृत्तपत्रांची वाढ दीर्घकाळ खुंटलेली होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ या पत्राला संस्थानी राजवटीच्या दडपशाहीला तोंड द्यावे लागले. पुढे अनंत भालेराव (१९१९–९१) यांच्या संपादकत्वाखाली हे पत्र प्रदेशाच्या सार्वजनिक जीवनाचे मुखपत्र बनले आणि लिहिणाऱ्या तरुणांची एक पिढी त्याच्या आश्रयाने घडली. ते पत्र नंतर बंद पडले. ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती १९८२ मध्ये निघू लागली व २०११ मध्ये ‘दिव्य मराठी’ या दैनिकाचा प्रारंभच या शहरातून झाला. मराठीबरोबर उर्दू वृत्तपत्रांचीही येथे परंपरा आहे. शहरास छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे देण्यात आले.

उच्च शिक्षणाची सोयही या प्रदेशात उशिराच झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय उघडले (पुढील मिलिंद महाविद्यालय). ‘मूकनायक’ (१९२०) व ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) या पत्रांच्या संस्थापकाने उभारलेल्या या संस्थेमुळे, पूर्वी महाविद्यालयाची पायरीही न चढलेल्या समाजातील मुले उच्च शिक्षणाकडे वळली. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे करण्यात आले. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन प्रदेशाची दोन विद्यापीठांत विभागणी झाली. वृत्तपत्रविद्येच्या पदव्युत्तर शिक्षणाची सोय या दोन्ही विद्यापीठांत आहे.

संस्थांचे प्रकार : विद्यार्थ्याला उपलब्ध असणाऱ्या संस्थांचे स्थूलमानाने पाच प्रकार पडतात. (१) शासकीय विद्यापीठांचे स्वतःचे विभाग : यांतील नियमित अध्यापकांचे वेतन शासनाकडून मिळत असल्याने शुल्क तुलनेने कमी असते, विद्यापीठाचे ग्रंथालय व वसतिगृह यांचाही लाभ मिळतो. (२) विद्यापीठाशी संलग्न असलेली महाविद्यालये : यांतील वृत्तपत्रविद्येचे अभ्यासक्रम पुष्कळदा विनाअनुदान तत्त्वावर चालतात, म्हणजे महाविद्यालय अनुदानित असले, तरी अभ्यासक्रम तसा असेलच असे नाही. (३) खाजगी व अभिमत विद्यापीठे : छत्रपती संभाजीनगर येथील महात्मा गांधी मिशनचे एमजीएम विद्यापीठ (२०१९) हे यांपैकी होय. अशा संस्थांत चित्रीकरणकक्ष, ध्वनिमुद्रणकक्ष इ. साधने अधिक अद्ययावत असू शकतात. शुल्कही त्या मानाने अधिक असते. (४) मुक्त विद्यापीठे : इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) व नासिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) ही यांची उदाहरणे होत. तालुक्याच्या गावी वार्ताहर म्हणून काम करीत असलेल्यांना हा मार्ग सोयीचा पडतो. (५) वृत्तसमूहांनी अथवा व्यक्तींनी चालविलेल्या प्रशिक्षणसंस्था : यांची प्रमाणपत्रे विद्यापीठीय पदवीच्या तोडीची नसतात. यांपैकी काही संस्था व्यवसायाच्या दृष्टीने उपयुक्त प्रशिक्षण देतात, तर काहींत शुल्काच्या मानाने फारच थोडे मिळते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप : कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एक वर्षाची वृत्तपत्रविद्येची पदवी व तीनंतर आणखी एक वर्षाची पदव्युत्तर पदवी, अशी जुनी रचना महाराष्ट्रात होती. तिची जागा अनेक ठिकाणी दोन वर्षांच्या सलग पदव्युत्तर अभ्यासक्रमाने घेतली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार तीन वा चार वर्षांच्या पदवीची व श्रेयांकांची पद्धती लागू होऊ लागली असून, चार वर्षांची पदवी घेतलेल्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करण्याची तरतूद तीत आहे. त्यामुळे एकूण किती वर्षे व किती शुल्क लागेल, याचा हिशेब प्रवेशाच्या वेळीच करणे आवश्यक असते.

पदवीनंतर वृत्तपत्रविद्येकडे वळावे की बारावीनंतरच वळावे, याविषयी मतभेद आहेत. अर्थशास्त्र, कृषी, विधी वा विज्ञान यांपैकी एखाद्या विषयाची पदवी घेऊन नंतर या क्षेत्रात आलेल्या पत्रकाराजवळ लिहिण्यासाठी स्वतःचा असा एक विषय असतो. मराठवाड्यात पाणी, पीकविमा, शेतमालाचे भाव व सहकार हे बातमीचे नित्याचे विषय असल्याने कृषी वा अर्थशास्त्र यांचा अभ्यास झालेल्या बातमीदाराला त्याचा विशेष उपयोग होतो. खर्चाच्या दृष्टीनेही, गावाजवळच्या अनुदानित महाविद्यालयात पदवी व त्यानंतर विद्यापीठाच्या विभागात पदव्युत्तर शिक्षण, हा क्रम सर्वसाधारणपणे सर्वांत कमी खर्चाचा ठरतो. बारावीनंतरच्या अभ्यासक्रमात माध्यमांची साधने हाताळण्यास अधिक काळ मिळतो, हा त्याचा लाभ होय.

गुणवत्तेच्या कसोट्या : पदवी कायदेशीर असणे ही पहिली कसोटी होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमानुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ विद्यापीठांना व कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग प्रसिद्ध करीत असतो. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने (स्थापना १९९४) दिलेली श्रेणी उपयुक्त असली, तरी ती संपूर्ण संस्थेची असते, एखाद्या विभागाची नव्हे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीतही वृत्तपत्रविद्येसाठी स्वतंत्र वर्ग नाही. म्हणून उच्च श्रेणीच्या संस्थेतील दुर्बळ विभाग आणि सामान्य श्रेणीच्या संस्थेतील सकस विभाग, हे दोन्ही संभवतात. विद्यार्थ्याने विभागाकडेच पाहावे लागते.

विभागाचा विचार करताना अध्यापकांची संख्या सर्वांत महत्त्वाची ठरते. शासकीय विद्यापीठांत मंजूर पदे दीर्घकाळ रिक्त राहणे व तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर विभाग चालणे, ही महाराष्ट्रातील एक जुनी अडचण आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापक अनेकदा उत्तम शिकवितात. परंतु विद्यार्थ्याचा मजकूर तपासून, दुरुस्त करून परत देण्याचे काम तासांच्या हिशेबात बसत नाही. ज्या विभागात हे काम होत नाही, तेथील अल्प शुल्कही महागच पडते. याउलट एखाद्या विभागात दोनच पूर्णवेळ अध्यापक असले, पण ते प्रत्येक विद्यार्थ्याकडून आठवड्याला एक तरी बातमी लिहून घेत असले, तर तेथे साधनांची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

दुसरी महत्त्वाची कसोटी म्हणजे प्रायोगिक पत्र. विद्यार्थ्यांनी बातम्या गोळा करून, संपादन व मांडणी करून काढलेले पत्र नियमितपणे निघते काय, हे त्याचे अंक पाहून ठरविता येते. अंकांतील मजकूर विद्यापीठातील समारंभांपुरताच मर्यादित असेल, तर विद्यार्थी विभागाबाहेर पडत नाहीत, असे समजावे. जिल्हा परिषदेची सभा, बाजार समितीतील लिलाव, न्यायालयातील सुनावणी, घाटी रुग्णालयातील रांगा किंवा जायकवाडी धरणाच्या लाभक्षेत्रातील पाण्याचा प्रश्न, असे विषय त्यांत आढळल्यास प्रत्यक्ष वृत्तसंकलनाचे शिक्षण मिळते, असे अनुमान काढता येते. नभोवाणी व चित्रफिती यांनाही हाच निकष लागू पडतो. महागडा चित्रीकरणकक्ष असणे वेगळे व विद्यार्थ्याला त्यात आठवड्यातून किती वेळ काम करता येते, हे वेगळे.

याशिवाय अभ्यासक्रमात वृत्तपत्रविषयक कायदे, अब्रुनुकसानी, न्यायालयाचा अवमान, माहितीचा अधिकार (२००५), आकडेवारीचे वाचन, बनावट छायाचित्रे व मजकूर यांची पडताळणी या विषयांना स्थान असावे. यूनेस्कोने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नमुना अभ्यासक्रमातही व्यावसायिक कौशल्ये, समाजातील पत्रकारितेचे स्थान व सामान्य ज्ञानविषय, अशी तीन अंगांची मांडणी केली आहे. अध्ययनाची भाषा हीही दुर्लक्षिण्याजोगी बाब नव्हे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला मराठीत उत्तरपत्रिका लिहिण्याची मुभा असावी. परंतु वृत्तसंस्थांचा व शासकीय अहवालांचा मोठा भाग इंग्रजीत असल्याने इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्याचा भरपूर सराव मिळणेही तितकेच आवश्यक असते.

खर्चाचा हिशेब : शुल्क हा एकूण खर्चाचा एक भाग असतो. निवास, भोजन, प्रवास, संगणक वा भ्रमणध्वनी, परीक्षाशुल्क आणि उमेदवारीच्या (इंटर्नशिप) काळातील परगावचा खर्च यांची त्यात भर पडते. पुणे वा मुंबई येथे राहण्याचा खर्च छत्रपती संभाजीनगरपेक्षा महिन्याला तीन हजार रुपयांनी अधिक आहे, असे धरले, तर दहा महिन्यांच्या दोन शैक्षणिक वर्षांत हा फरक साठ हजार रुपयांचा होतो. केवळ शुल्कांची तुलना केल्यास तो दृष्टीआड होतो. मोठ्या शहरात वृत्तसंस्थांचा व नामवंत पत्रकारांचा सहवास अधिक लाभतो, हे खरे. परंतु त्याचा उपयोग करून घेण्याइतका वेळ व पैसा विद्यार्थ्याजवळ असावा लागतो. खानावळीच्या पैशांसाठी संध्याकाळी दुसरीकडे काम करावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला त्या सहवासाचा लाभ क्वचितच मिळतो.

आर्थिक साहाय्याच्या विविध योजना उपलब्ध आहेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग यांतील विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व शुल्कमाफी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना या त्यांपैकी प्रमुख होत. राज्य शासनाने २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतील विशिष्ट उत्पन्नगटाच्या व प्रवर्गांच्या मुलींना संपूर्ण शुल्कमाफी जाहीर केली. या सर्व योजनांबाबत तीन गोष्टींची खातरजमा प्रवेशापूर्वीच करावी लागते : संबंधित अभ्यासक्रम योजनेच्या यादीत आहे काय, संस्था खाजगी वा अभिमत विद्यापीठ असल्यास योजना तिला लागू आहे काय, आणि शिष्यवृत्तीची रक्कम हाती येईपर्यंत शुल्क आगाऊ भरावे लागते काय. रक्कम मिळण्यास विलंब झाल्यास मधल्या काळात सावकाराकडून वा नातेवाइकांकडून पैसे उचलण्याची वेळ कुटुंबावर येते. विद्यापीठांतील ‘कमवा व शिका’ योजनेचाही अनेक विद्यार्थ्यांना आधार मिळतो.

निवडीची पद्धत : माहितीपुस्तिकेवरून निर्णय न घेता विभागास प्रत्यक्ष भेट देणे इष्ट असते. भेटीत प्रायोगिक पत्राचे मागील वर्षाचे सर्व अंक पाहावेत. मंजूर व भरलेल्या पदांची संख्या विचारावी. वेळापत्रकातील प्रात्यक्षिकांचे तास मोजावेत. ग्रंथालयात कोणती दैनिके येतात व त्यांचे जुने अंक जतन केलेले आहेत काय, हे पाहावे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण करून दोन-तीन वर्षे झालेल्या विद्यार्थ्यांना भेटावे. त्यांपैकी किती जण माध्यमांत टिकले, उमेदवारी कोणी मिळवून दिली, तिच्या काळात बातम्या लिहावयास मिळाल्या की केवळ टंकलेखन करावे लागले, या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीतील ‘शंभर टक्के नोकरी’ या आश्वासनापेक्षा अधिक विश्वसनीय असतात. शासकीय विद्यापीठात असल्याने शैक्षणिक विभागाची ही माहिती माहितीच्या अधिकाराखालीही मागता येते आणि भावी पत्रकाराला तो एक चांगला पहिला धडा ठरू शकतो.

व्यवसायाची स्थिती : पदवीनंतर मिळणाऱ्या वेतनाचा विचार केल्याशिवाय खर्चाचा निर्णय पूर्ण होत नाही. मराठी दैनिकांत नवोदित उपसंपादकाचे व बातमीदाराचे वेतन इतर अनेक व्यवसायांच्या तुलनेने अल्प असते. तालुका-वार्ताहरांपैकी अनेकांना ठरीव वेतन नसते. त्यांचे उत्पन्न जाहिरातींवरील कमिशनावर अवलंबून राहते. ज्या पुढाऱ्याची वा संस्थेची जाहिरात मिळवावयाची, तिच्याविरुद्ध बातमी देणे त्यांना अवघड जाते. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला तरुण या दडपणाला अधिक लवकर बळी पडण्याचा संभव असतो. अल्प खर्चाच्या चांगल्या शिक्षणाचा प्रश्न अशा रीतीने केवळ कौटुंबिक न राहता वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याशी येऊन भिडतो. वृत्तपत्रांव्यतिरिक्त जनसंपर्क, जाहिरात, अनुवाद, शासकीय माहिती विभाग, अध्यापन या क्षेत्रांतही या पदवीचा उपयोग होतो.

सामान्यतः असे म्हणता येईल की, मराठवाड्यातील विद्यार्थ्याला घराजवळच्या शासकीय विद्यापीठाच्या विभागाचा विचार प्रथम करण्यास सबळ कारण आहे. मात्र त्या विभागात शिकविणारी माणसे व चालू असलेले प्रायोगिक पत्र असावे. तसे नसेल, तर एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम वा मुक्त विद्यापीठातील शिक्षण आणि त्याच्या जोडीला एखाद्या दैनिकात उमेदवारी, हा पर्याय कर्ज काढून घेतलेल्या महागड्या पदवीपेक्षा श्रेयस्कर ठरतो. अभ्यासक्रम संपताना विद्यार्थ्याजवळ स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या बातम्यांची कात्रणे किती व कोणत्या प्रतीची आहेत, यावरून त्या शिक्षणाचे मोल ठरते ; कारण नोकरी देणारा संपादक गुणपत्रिकेबरोबर, आणि पुष्कळदा तिच्या आधी, तीच पाहतो.